कनातीतला हशा

नांदेडहून लातूरकडे निघालं, की लोहा ओलांडल्यावर माळेगाव लागतं. एरवी एसटीतला प्रवासी या गावासाठी मान वर करत नाही. मार्गशीर्ष वद्यात खंडोबाची यात्रा भरते तेव्हा मात्र रस्ता दिसेनासा होतो. घोड्यांचा बाजार, उंट, गाढवं, घोंगड्यांचे ढीग, बेलभंडारा, भटक्या जमातींच्या पंचायती. आणि रात्र झाली की तमाशाच्या कनाती. राज्यातले नामांकित फड इथे एकमेकांच्या शेजारी उतरतात. एका कनातीतली ढोलकी दुसऱ्या कनातीत ऐकू येते आणि तिकिटाच्या खिडकीशी उभा राहिलेला माणूस आवाजावरून ठरवतो, आज कुठे शिरायचं.

बहुतेकांना वाटतं, तो लावणीचा आवाज ऐकून ठरवतो. जुना यात्रेकरू मात्र हशाचा आवाज ऐकून ठरवायचा. ज्या कनातीतून हशा उसळतोय तिथे सोंगाड्या चांगला आहे, आणि सोंगाड्या चांगला असेल तर वग चांगला होणार, हे त्याला माहीत असायचं. तमाशाची जाहिरात नाचणाऱ्या बाईच्या नावाने होते, पण रात्र तोलून धरायचं काम सोंगाड्याचं असतं.

हा लेख अशा हसवणाऱ्यांबद्दल आहे. यांची कीर्ती पडद्याने केली नाही. चित्रपटांच्या श्रेयनामावल्या चाळून विनोदी नटांचा इतिहास लिहायचा म्हटलं, तर यांतल्या बहुतेकांना एखादी ओळसुद्धा मिळणार नाही. माझ्या मते मराठीतला सगळ्यात कसदार विनोद याच माणसांनी केला, आणि तो पडद्यावर न येण्याची कारणं त्या विनोदाच्या स्वभावात आहेत, तशीच आपल्या भूगोलात आणि इतिहासातही आहेत.

आधी स्वभावाचं बोलू. ढोलकी फडाच्या तमाशात गण होतो, मग गौळण. गौळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांना अडवणारा कृष्ण, त्याचा सवंगडी पेंद्या, आणि गवळणींची म्होरकी मावशी. मावशीचं काम पुरुष करतो. डोक्यावर पदर, चालीत ठसका, आणि तोंडाला लगाम नाही. गोष्ट द्वापारयुगातली असते, पण मावशी बोलते ती याच गावच्या सरपंचाबद्दल, रेशन दुकानाबद्दल, न मिळालेल्या पीकविम्याबद्दल आणि लातूरच्या अडतीतल्या सोयाबीनच्या भावाबद्दल. त्यानंतर बतावणी, म्हणजे दोघांतिघांनी उभं केलेलं छोटं विनोदी नाट्य. मग रंगबाजी, म्हणजे लावण्यांचा भाग, आणि शेवटी वग. वगात राजा असतो, प्रधान असतो, अन्याय झालेली कुणी बाई असते. सोंगाड्या तिथे हवालदार होतो, शिपाई होतो, राजाचा नोकर होतो किंवा वाट चुकलेला खेडूत होतो. कथा गंभीर होत जाते आणि हा तिच्या आत शिरून तिला जमिनीवर आणतो.

त्याच्या हातात लिहिलेली संहिता जवळजवळ नसते. कथेचे टप्पे ठरलेले, पदं ठरलेली. मधलं बोलणं त्या रात्रीचं. जाणते सोंगाडे गावात उतरले की आधी पारावर किंवा चहाच्या टपरीवर बसून घेत. पाटील कोण, कुणाचं कुणाशी वाकडं, यंदा नदीला पाणी आलं का, शाळेचा मास्तर कसा आहे, कुणाची म्हैस कुणाच्या शेतात शिरली. ही चौकशी रात्री कामाला यायची. राजाच्या दरबारात उभा असलेला शिपाई अचानक गावातल्या कुणाचा तरी उल्लेख करी आणि हजार माणसं एकाच माणसाकडे वळून बघत. तो माणूस लाजे, हसे, काही तरी ओरडून उत्तर देई आणि त्या उत्तरावर सोंगाड्याचं पुढचं वाक्य उभं राही. ढोलकीवाला नेमक्या ठिकाणी थाप मारून ते वाक्य बंद करी. थाप अर्ध्या मात्रेने उशिरा पडली तरी हशा सांडून जातो. सोंगाड्या आणि ढोलकीवाला वर्षानुवर्षं एकत्र राहत, ते यासाठी.

हे कॅमेऱ्यासमोर कसं करणार? कॅमेरा उत्तर देत नाही. तो लाजत नाही, त्याची म्हैस कुणाच्या शेतात शिरत नाही. सिनेमातला विनोद आधी लिहावा लागतो, त्याच जागी पुन्हा पुन्हा करावा लागतो, आणि प्रेक्षक तो सहा महिन्यांनी बघतो. ज्याची सगळी विद्या समोरच्या माणसाच्या श्वासावर चालते, त्याला रिकाम्या स्टुडिओत उभं केलं तर त्याचं अर्धं अंग गळून पडतं. काही जण तरीही सिनेमात गेले आणि छोट्या भूमिका करून परत आले. त्यात त्यांचा कमीपणा नव्हता.

दादू इंदुरीकरांचं उदाहरण घ्या. मावळातल्या इंदोरीचा हा माणूस. खरं नाव गजानन राघू सरोदे. ‘गाढवाचं लग्न’ हे हरिभाऊ वडगावकरांचं वगनाट्य त्यांनी इतकं आपलं केलं, की सावळ्या कुंभार म्हटलं की दादू, आणि गंगी म्हटलं की त्यांच्यासोबतच्या प्रभा शिवणेकर, हे समीकरण महाराष्ट्रभर झालं. गोष्ट साधी. शापामुळे गाढव झालेला गंधर्व कुंभाराच्या दारी येतो आणि थेट राजकन्येला मागणी घालतो. या गोष्टीत सावळ्या हा मधे सापडलेला माणूस. घरात गंगी, दारात बोलणारं गाढव, पुढे राजा. दादू त्या सापळ्यात उभं राहून कधी नवऱ्याचं, कधी प्रजेचं, कधी मतदाराचं दुःख सांगत. तो दिवस ज्या बातमीचा असेल ती बातमी प्रयोगात येई, म्हणून माणसं तेच वगनाट्य पुन्हा पुन्हा बघायला जात. संगीत नाटक अकादमीने त्यांना १९७३ साली पुरस्कार दिला. १९८० साली ते गेले. नंतर प्रकाश इनामदार आणि जयमाला इनामदार यांनी हे नाटक पुढे कितीतरी वर्षं चालवलं.

‘गाढवाचं लग्न’चा चित्रपट आला तो २००७ साली. त्यात सावळ्या झाले मकरंद अनासपुरे, म्हणजे आपल्या मराठवाड्याचा नट. अनासपुऱ्यांनी मराठवाड्याची बोली नायकाच्या तोंडी आणली, हे त्यांचं मोठं काम आहे आणि ते मी मनापासून मानतो. पण हा चित्रपट पाहून दादूंची कल्पना येत नाही, येऊच शकत नाही. चित्रपटातला सावळ्या प्रत्येक वेळी तेच बोलतो. दादूंचा सावळ्या प्रत्येक गावात वेगळं बोलायचा, आणि ती सगळी बोलणी त्या त्या गावात विरून गेली.

दुसरं नाव काळू-बाळूंचं. सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरचे हे जुळे भाऊ, लहू आणि अंकुश खाडे. ‘जहरी प्याला’ या वगातल्या दोन विनोदी हवालदारांची ही नावं, ती त्यांना इतकी चिकटली की खरी नावं मागे पडली. फडाचं नावही तेच झालं. दिसायला एकसारखे, आवाज जुळता, एकाने वाक्य सुरू करायचं आणि दुसऱ्याने संपवायचं. कोण काळू आणि कोण बाळू यावर प्रेक्षकांत पैजा लागत. जुळेपणावर सिनेमाने कितीतरी विनोदी कथा रचल्या. तिथे एकच नट दोन भूमिका करतो आणि बाकीचं तंत्रज्ञ सांभाळतात. इथे दोन सख्खे भाऊ रात्रीमागून रात्र एकमेकांच्या श्वासाला श्वास जुळवून उभे राहत होते. ही जुळणी घडायला एक आयुष्य लागतं आणि एका आयुष्यातच ती संपते. लहू खाडे २०११ मध्ये गेले, अंकुश खाडे त्यानंतर काही वर्षांनी.

मग सिनेमाने तमाशाचं काय केलं? सिनेमाने तमाशा घेतला, भरपूर घेतला. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’पासून ती वाट सुरू होते. १९५९ चा अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. १९७२ ला ‘पिंजरा’ आला. या चित्रपटांनी मराठी सिनेमा जगवला, त्यांची गाणी आजही आपल्या घरात आहेत. पण त्यांनी तमाशातून नर्तकी उचलली, लावणी उचलली, पाटील आणि मास्तर उभे केले, आणि सोंगाड्याला नायिकेच्या मागे उभा राहून दोन विनोद करणारा माणूस करून टाकलं. कनातीत जो रात्रीचा मालक होता तो पडद्यावर भरतीचा झाला. तमाशापटाच्या लाटेत सोंगाड्यांना चांगले दिवस यायला हवे होते. उलट तमाशा म्हणजे लावणी, हे समीकरण त्या लाटेने पक्कं केलं, आणि आज फडमालक गाण्यांच्या ज्या मागणीने हैराण आहेत तिचं बी तिथे पडलं, असं मला वाटतं.

दादा कोंडक्यांचं उदाहरण याच्या आड येतं, असं कुणी म्हणेल. १९७१ च्या चित्रपटाचं नावच ‘सोंगाड्या’. दादा पडद्यावरही तितकेच हसवत होते, आणि त्यांच्या रौप्यमहोत्सवी चित्रपटांची रांग सगळ्यांना ठाऊक आहे. पण दादा परंपरेने चालत आलेल्या फडातून आलेले नव्हते. नायगावच्या कामगारवस्तीतून, सेवादलाच्या कलापथकातून आणि वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यातून ते आले. त्यांच्या आसपास मुंबई होती. निळू फुले आणि राम नगरकर यांचीही वाट कलापथकाचीच. लोकनाट्य शहरातल्या नाट्यगृहात आलं आणि तिथून स्टुडिओ जवळ होता. माळेगावच्या कनातीतून तो फार लांब होता.

मराठवाड्यापासून तर आणखी लांब. प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला कोल्हापुरात निघाली, १९३३ ला पुण्यात आली. मराठी बोलपट आपल्या पायांवर उभा राहत होता तेव्हा नांदेड, लातूर, परभणी, बीड हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. लातूर तर उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका, त्याचा वेगळा जिल्हा झाला १९८२ ला. निजामी राज्यात शाळेची भाषा उर्दू, कचेरीची भाषा उर्दू. जाहीर सभेला आधी परवानगी लागे. १९२९ च्या ‘गश्ती निशान ५३’ या फर्मानाचा जाच त्या पिढीच्या आठवणींतून सतत डोकावतो. म्हणून माणसं जमायची ती कीर्तनाला, गणपतीच्या मेळ्याला, गोंधळाला, भारुडाला, यात्रेला. मराठीत मोठ्याने हसायची जागा होती ती एवढीच. मुलूख १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला, १९५६ ला मुंबई राज्याला जोडला गेला, १९६० ला महाराष्ट्रात आला. तोवर मराठी सिनेमाची घराणी, त्याचे लेखक, त्याची बोली सगळं ठरून गेलं होतं. त्या सिनेमात खेडं असायचं ते कोल्हापूर-साताऱ्याकडचं. आमची बोली त्यात नव्हती, मग त्या बोलीत हसवणारा कसा असणार?

या मुलखातल्या हसवणाऱ्यांची नावं घ्यायची तर ती अशा दारांतून घ्यावी लागतात जिथे सिनेमावाले फारसे डोकावलेच नाहीत. परभणीचे राजारामबापू कदम हे गोंधळमहर्षी. गोंधळात मुख्य गोंधळ्याच्या शेजारी एक जण भोळेपणाचं सोंग घेऊन प्रश्न विचारत उभा असतो, आणि पुराणातली मोठी कथा त्या प्रश्नांमुळे घरातली होते. सिल्लोडकडचे निरंजन भाकरे भारुडातून माणसं लोळवत. पैठणच्या नाथांनी दिलेला हा प्रकार त्यांनी व्यसनमुक्तीपर्यंत नेला. २०२१ मध्ये करोनाने ते गेले.

आंबेडकरी जलशाचं दार वेगळं आहे आणि ते नीट उघडून बघायला हवं. १९३० नंतर भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी तमाशाचाच साचा घेतला, पण गणात गणपतीऐवजी बाबासाहेब आले, गौळण गेली, आणि सोंगाड्याला नवं काम मिळालं. तो आता शास्त्र्याला, सावकाराला, पाटलाला प्रश्न विचारू लागला. हसता हसता जातीची गणितं उघडी पाडू लागला. सोंगाडे शेकडो वर्षं ज्या समाजांतून येत होते, त्या समाजांचा राग पहिल्यांदा त्यांच्याच विनोदात उतरला. मराठवाड्याच्या वस्त्यांमध्ये हा जलसा खोल रुजला. पुढे नांदेडच्या दत्ता भगतांनी ‘आवर्त’ लिहिलं तेव्हा त्यांनीही याच लोकनाट्याच्या अंगाचा आधार घेतला. चळवळीचा विनोद करणाऱ्या त्या जलसाकारांत सिनेमाने कधी गुंतवणूक केली नाही. त्या विनोदाचं तिकीट विकलं गेलं नसतं, किंवा विकलं गेलं असतं तर ते परवडलं नसतं.

आणि मग प्राध्यापक लक्ष्मण देशपांडे.

तमाशा आणि भारूड यांपासून त्यांचं जग वेगळं. १९४३ चा जन्म, औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्राचे प्राध्यापक आणि पुढे विभागप्रमुख. कमलाकर सोनटक्क्यांनी उभ्या केलेल्या या विभागाने मराठी रंगभूमीला आणि सिनेमाला कितीतरी नट, दिग्दर्शक दिले. त्यातले बरेच मुंबईला गेले आणि तिथे नाव काढलं. देशपांडे मराठवाड्यात राहिले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ उभं केलं. मराठवाड्यातल्या एका खेड्यातलं वऱ्हाड लग्नासाठी विमानाने लंडनला निघतं, एवढीच गोष्ट. माणसं ५२. रंगमंचावर नट एक. वेळ तीनेक तासांचा. या पराक्रमासाठी त्यांचं नाव गिनीज बुकात गेलं.

गिनीजची गोष्ट सगळे सांगतात. मला त्या आकड्यापेक्षा त्यामागची कारागिरी महत्त्वाची वाटते. एका माणसाने ५२ जण करायचे तर आवाज बदलून भागत नाही. म्हातारीचा आवाज काढणारे पुष्कळ असतात. देशपांडे म्हातारीची नजर काढत. तिची मान कुठे वळते, बसताना ती आधी कशाला धरते, मुलाचं नाव घेताना तिचा सूर का उतरतो, हे सगळं त्यांच्या अंगात होतं. वेशभूषा बदलायला वेळ नव्हता आणि गरजही नव्हती. एक माणूस बोलून थांबला की पुढच्या क्षणी कंबर वेगळी, हात वेगळे, आणि आपण नव्या माणसाकडे बघत असू. पाचसहा जणांचा वाद रंगला की प्रेक्षक मान इकडून तिकडे फिरवत, समोर एकच जण उभा आहे हे विसरून. यात माणसांना हसण्यावारी नेणं नव्हतं. विमानात पहिल्यांदा बसलेला शेतकरी जे प्रश्न विचारतो ते अडाणीपणाचे म्हणून हसू येत नाही. ते इतके सरळ आणि खरे असतात, की ते आजवर आपण का विचारले नाहीत असं वाटून हसू येतं. लंडनचा गोरा आणि गावाकडचा म्हातारा समोरासमोर येतात तेव्हा देशपांडे कुणालाही खाली पाडत नाहीत. मला त्यांची थोरवी इथे दिसते. बोलीत विनोद करणाऱ्याला बोलणाऱ्यांचीच टर उडवण्याचा मोह सतत होतो, आणि पडद्यावर खेडूत आला की बऱ्याचदा तेच झालं आहे.

त्या बोलीबद्दल आणखी एक. नांदेड-लातूरचा प्रेक्षक मराठी नाटकात, सिनेमात, रेडिओवर आपल्यासारखं कुणी बोलताना ऐकायला फारसा सरावलेला नव्हता. शहरात शिकायला गेलेला पोरगा आधी आपली क्रियापदं सुधारून घेई. अशा प्रेक्षकासमोर एक विद्यापीठाचा प्राध्यापक उभा राहिला आणि तीन तास घरातल्यासारखा बोलला. त्या प्रयोगातला हशा हा बराचसा सुटकेचा होता. वऱ्हाडाची ध्वनिफीत निघाली आणि ती बाहेर पडली तशी प्रयोगाच्या आधीच गावागावांत पोचली. गणपतीच्या मांडवात, लग्नघरात, टेपरेकॉर्डर असलेल्या घराच्या ओसरीवर. माणसांना संवाद पाठ झाले, आणि पाठ असूनही ती नाट्यगृहात जात. परदेशातल्या मराठी मंडळांनीही त्यांना बोलावलं. २००९ साली ते गेले, तेव्हा त्यांच्या नावापुढे मोठा चित्रपट नव्हता आणि कुणाला त्याची उणीव भासली नाही.

त्यांच्या विनोदालाही सिनेमाने हात लावला असता तर काय झालं असतं, याचा विचार करून पाहा. ५२ भूमिकांना ५२ नट मिळाले असते. विमान दिसलं असतं, लंडन दिसलं असतं. आणि प्रयोगाचा प्राणच गेला असता, कारण ते विमान प्रेक्षकाने स्वतः बांधायचं असतं. कोकणात मच्छिंद्र कांबळींनी ‘वस्त्रहरण’मध्ये मालवणी बोली अशीच जगभर नेली, हजारो प्रयोग केले, आणि त्यांचंही राज्य रंगमंचावरचंच. या दोन माणसांनी दाखवलं की बोलीला मोठं व्हायला पडद्याची परवानगी लागत नाही.

ही गोष्ट केवळ आपल्याकडची नाही. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलचे केन डॉड (१९२७–२०१८) हे रंगमंचावरच्या विनोदाचे तिकडचे दैवत. टीव्हीवर ते दिसले, पण सिनेमाशी त्यांचं नातं नावापुरतं. त्यांचे प्रयोग मध्यरात्र उलटली तरी संपत नसत. एकदा त्यांनी साडेतीन तासांत दीड हजार विनोद सांगून गिनीज बुकात नाव नोंदवलं होतं. कोणत्या गावात कोणता विनोद चालला आणि कोणता पडला याच्या नोंदी ते वह्यांमधून आयुष्यभर ठेवत आले. देशभरच्या हशाचा एक नकाशाच त्यांच्याकडे होता. पारावर बसून गावाची कुंडली काढणारा आपला सोंगाड्या आणि वहीत गावं टिपणारे डॉड यांचा धंदा एकच. १९९६ मध्ये केनेथ ब्रानांनी ‘हॅम्लेट’ चित्रपट केला तेव्हा डॉडना भूमिका दिली यॉरिकची. यॉरिक म्हणजे राजाचा मेलेला विदूषक, ज्याची कवटी हातात घेऊन हॅम्लेट बोलतो. तासन्‌तास बोलणाऱ्या माणसाला पडद्याने एक संवादही दिला नाही, आठवणीपुरतं क्षणभर दाखवलं.

सिनेमाने लोकनटांकडे नीट पाहिल्याचं उदाहरणही शेजारीच आहे. छत्तीसगढच्या नाचाचे कलावंत हबीब तन्वीर यांच्या नाटकात आले, आणि १९७५ मध्ये श्याम बेनेगलांनी ‘चरणदास चोर’ त्याच कलावंतांना घेऊन, त्यांच्याच मुलखात चित्रित केला. आज त्या नटांचे चेहरे, त्यांच्या हालचाली आपण बघू शकतो. विदर्भाच्या सीमेपलीकडे जे झालं ते आमच्याकडे झालं नाही. दादू इंदुरीकर आणि काळू-बाळू यांच्या भर उमेदीतल्या रात्री, समोरच्या गर्दीसकट, अशा कुणी टिपून ठेवायला हव्या होत्या. त्या काळात राज्यात चित्रपटांचे कॅमेरे पुष्कळ होते. ते फडाकडे वळले तेव्हा नर्तकीवर रोखले गेले.

आता कनातीत काय उरलं आहे? तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेच्या आसपास संपतो. गावपुढारी सुपाऱ्या द्यायला नारायणगावच्या राहुट्यांवर जातात. मोठ्या फडाकडे शंभराच्या आसपास माणसं, ट्रक, जनरेटर, आणि सावकाराचं कर्ज. प्रेक्षक गण आणि गौळणीला कंटाळतो, चित्रपटातल्या गाण्यांची मागणी करतो. मग रंगबाजी लांबते. दुसरीकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी घातली, वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट. नियम शहरातल्या झोपेसाठी आवश्यक आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण वग सुरू व्हायचा तो मध्यरात्रीनंतर, आणि चालायचा तांबडं फुटेपर्यंत. रात्र कापली गेली तेव्हा पहिला कापला गेला वग. वगासोबत सोंगाड्याची जागा गेली. आज कितीतरी खेळांत त्याला दोन गाण्यांच्या मधली दहा मिनिटं मिळतात. पात्र उभं करायला, गावाशी नातं जोडायला, एका विनोदाची तिसऱ्या तासाला परतफेड करायला दहा मिनिटं पुरत नाहीत. म्हणून तो द्व्यर्थी विनोदाकडे वळतो, तो लगेच वसूल होतो. मग लोक म्हणतात, तमाशा बिघडला. त्यावर करोनाची दोन वर्षं आली, यात्रा बंद झाल्या, फडमालकांनी गाड्या विकल्या.

बीड जिल्ह्यातून आलेल्या संदीप पाठकांनी ‘वऱ्हाड’ मात्र पुन्हा रंगमंचावर आणलं आणि ते गाजवलं. सिनेमात, मालिकांत काम मिळत असलेला नट तीन तासांच्या एकपात्रीचा भार उचलतो, हे मला फार मोलाचं वाटतं. देशपांड्यांच्या सावलीत उभं राहण्याचा धोका त्यांनी पत्करला आणि आपला वेग, आपली माणसं त्यात आणली. एकपात्री प्रयोगाला संहिता असते, त्यामुळे वारसा सांगता येतो. सोंगाड्याच्या वारशाला अशी संहिता नाही. तो पाहून, सोबत राहून, शेजारी उभं राहूनच मिळतो.

म्हणून मागणी आहे, आणि ती नांदेडकडेच आहे. माळेगावच्या यात्रेची व्यवस्था जिल्हा परिषद बघते, लोककलांचे महोत्सवही तिथेच भरवते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात प्रयोगजीवी कलांचं संकुल आहे. याच शहरात पीपल्स कॉलेजात राहून नरहर कुरुंदकरांनी भरताच्या नाट्यशास्त्राचा विचार मांडला. साधनं आणि माणसं इथे आहेत. एका रात्रीसाठी एका फडाला पूर्ण वगाचे पैसे द्यावेत, वेळेची रीतसर सूट घ्यावी, वयाने थकलेल्या एखाद्या जुन्या सोंगाड्याला मानाने बोलवावं आणि गणापासून वगाच्या शेवटापर्यंत सगळं चित्रित करावं. कॅमेरे दोन हवेत, एक फडावर आणि दुसरा प्रेक्षकांवर, कारण दुसऱ्या कॅमेऱ्याशिवाय पहिल्यातलं निम्मं समजणार नाही. सोबत ढोलकीवाल्याची, मावशीचं काम करणाऱ्याची, फडमालकाची मुलाखत घ्यावी. विद्यार्थ्यांनी पंधरा दिवस फडासोबत राहावं आणि सोंगाड्या संध्याकाळी गावात जाऊन काय विचारतो ते टिपून घ्यावं. याला मोठा निधी लागत नाही. दिवाळीपासून मार्गशीर्ष वद्यापर्यंत जवळपास दोन महिने हातात असतात.